डोळे थकतात ते का? अक्षर दिसेनासे झाले तर काय करावे?



गेल्या वर्षावासात एका विहारात आम्ही ग्रंथवाचनाला बसलो होतो. तिथे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पाळीपाळीने वाचतात. एकीचे पान झाले की ग्रंथ शेजारणीच्या मांडीवर जातो. पंचेचाळिशीतल्या एका ताईंकडे ग्रंथ आला, तसा त्यांनी तो न उघडताच पुढे सरकवला. म्हणाल्या, "मला नाही येत वाचायला, तुम्हीच वाचा." कोणी काही बोलले नाही. पण त्या सातवीपर्यंत शिकल्या आहेत आणि दोन-तीन वर्षांपूर्वी याच विहारात खणखणीत आवाजात वाचत होत्या, हे आम्हाला ठाऊक होते. वाचन संपल्यावर त्यांना बाजूला घेऊन विचारले. आधी टाळाटाळ केली. मग म्हणाल्या, "अक्षरं नाचतात सिस्टर. दोन ओळी वाचल्या की कपाळ ठणकतं. सगळ्यांसमोर अडखळण्यापेक्षा येत नाही म्हटलेलं बरं."

आमच्या पिशवीत तपासणीसाठी दोन-तीन चष्मे असतात. त्यातला दीड नंबरचा लावायला दिला. त्यांनी ग्रंथ आधी हातभर लांब धरला, मग हळूहळू जवळ आणला आणि उभ्या उभ्या अर्धे पान वाचून काढले. पुढे सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, तेव्हा दुसरे काही निघाले नाही. चाळिशी लागली होती, एवढेच.

आपल्या आज्यांना अक्षर मिळाले नाही. आईच्या पिढीला ते मिळाले आणि ते कसे मिळाले हे प्रत्येक घराला माहीत आहे. तेच अक्षर दीडशे रुपयांच्या चष्म्यावाचून परत जावे आणि वर त्या बाईने स्वतःला अडाणी म्हणवून घ्यावे, हे आम्हाला फार लागले. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर डोळ्यांच्या थकव्याबद्दल लिहीत आहोत.

थकवा येतो म्हणजे नेमके काय होते ते आधी पाहू. डोळ्याच्या आत एक मऊ भिंग असते. त्याच्याभोवती बारीक स्नायूचे कडे असते. लांबचे पाहताना हा स्नायू सैल असतो. जवळचे पाहायचे म्हणजे सुईत दोरा ओवणे, तांदूळ निवडणे, मोबाईल, पुस्तक. तेव्हा तो आवळतो, भिंग फुगीर होते आणि जवळचे स्पष्ट दिसते. नळावरून भरलेला हंडा आणताना हात कोपरात वाकवून धरावा लागतो. दोन मिनिटे धरला तर काही वाटत नाही. पण दोन तास तसाच धरून उभे राहायला सांगितले तर हात भरून येईल, थरथरेल. जवळचे काम करताना डोळ्यातला हा स्नायू असाच हंडा धरून उभा असतो. कपाळ दुखणे, डोळ्यांच्या मागे ठणका लागणे, काम संपवून वर पाहिले की थोडा वेळ लांबचे धुरकट दिसणे, ही सगळी त्या भरून आलेल्या स्नायूची तक्रार आहे. याने डोळा कायमचा खराब होत नाही. पण तक्रार रोजची असेल तर तिचे कारण शोधलेच पाहिजे.

स्नायूला विसावा देण्याची रीत साधी आहे. लांब पाहायचे. डॉक्टर सांगतात की वीस मिनिटे जवळचे काम केले की वीस सेकंद वीस फुटांवर पाहावे. सांगणे बरोबर आहे. पण आपली खोली दहा बाय दहाची. भिंतीला टेकून बसले तरी समोरची भिंत दहा फुटांवर येते, आणि मध्ये पलंग, शिलाई मशीन, वाळत घातलेले कपडे. म्हणजे घरात बसून काम करणाऱ्या बाईच्या डोळ्यांना दिवसभर लांबचे काही पाहायलाच मिळत नाही. म्हणून आम्ही सांगतो, दाराकडे तोंड करून बसा. मान वर केली की गल्लीचे टोक दिसले पाहिजे, किंवा समोरच्या घराच्या पत्र्यावरचे आभाळ. घड्याळ लावायची गरज नाही. एक माळ ओवून झाली, एक पान वाचून झाले, की दहा श्वास होईपर्यंत बाहेर पाहा. आनापान करणाऱ्यांना दहा श्वास मोजण्याची सवय असतेच. डोळे मिटून बसल्यानेही आराम पडतो. पण त्याने नंबर उतरतो असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

आता चाळिशीबद्दल. वयाच्या चाळिशीच्या आसपास ते मऊ भिंग कडक होऊ लागते. स्नायूने कितीही जोर लावला तरी ते पुरते फुगत नाही. हे सगळ्यांना होते, डॉक्टरला, कलेक्टरला आणि कचरा वेचणाऱ्या मावशीलाही. सुरुवातीला साधारण एक नंबर लागतो, पन्नाशीच्या सुमारास दीड-दोन, साठीला अडीचच्या आसपास. चष्मा लावला म्हणून नंबर वाढत नाही. भिंग वयाबरोबर कडक होत जाते, म्हणून वाढतो. चष्मा लावा किंवा लावू नका, तो वाढणारच. चष्मा न लावणाऱ्याचे कपाळ तेवढे जास्त दुखते.

घरच्या घरी ओळखायची खूण अशी : पेपर नेहमीच्या अंतरावर, म्हणजे कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर धरा. बातमीचे बारीक अक्षर उजेडात वाचता येत नाही, पण पेपर लांब नेला की येते, असे असेल तर चाळिशी लागली. संध्याकाळी सुईत दोरा जाईना आणि त्यासाठी नातीला हाक मारावी लागते, तांदळातला खडा दाताखाली येऊ लागला, गोळ्यांच्या पाकिटावरचे अक्षर दिसत नाही, याही त्याच खुणा. शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. सासूबाईंनी बीपीची गोळी म्हणून दुसरीच गोळी आठवडाभर घेतल्याचे एक घर आम्हाला माहीत आहे.

फूटपाथवर किंवा बाजारात तयार चष्मे मिळतात, शंभर-दीडशे रुपयांना. ते घ्यावेत का? अनेक डॉक्टर नाही म्हणतील. आमचे मत थोडे वेगळे आहे. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, लांबचे स्वच्छ दिसत असेल, तर या चष्म्याने डोळा बिघडत नाही आणि अडलेले काम सुरू होते. पण आधी एकदा तरी दवाखान्यात डोळे तपासून नंबर कागदावर लिहून आणा आणि मग तोच नंबर विकत घ्या. चष्मेवाल्याकडे उभे राहून "हा बरा वाटतो" म्हणून घ्यायचा नाही, कारण गरजेपेक्षा जास्त नंबरचा चष्मासुद्धा सुरुवातीला बरा वाटतो. सगळे मोठे दिसते, आणि घरी गेल्यावर डोके धरते. दुकानात एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने वाचा, मग उलटे करा. दोन्हींनी सारखे दिसले नाही तर तयार चष्मा तुमच्यासाठी नाही, नंबर काढून बनवून घ्यावा लागेल. शेजारणीचा किंवा वारलेल्या सासऱ्यांचा चष्मा वापरू नये, कारण तो त्यांच्या नंबरचा असतो.

चष्म्याने पोटावर काय फरक पडतो, याचा एक चांगला अभ्यास आसामच्या चहाच्या मळ्यात झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. चाळिशी ओलांडलेल्या मजुरांपैकी काहींना जवळचा चष्मा लगेच दिला आणि काहींना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची मजल दुसऱ्या गटापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने जास्त वाढली. चहा खुडताना तर वाचावे लागत नाही, फक्त कोवळे पान ओळखावे लागते. आपल्या वस्त्यांत मणी ओवणे, राख्या करणे, टिकल्या चिकटवणे, तयार कपड्यांचे धागे कापणे, जरीकाम, शिलाई ही कामे त्याहून बारीक असतात आणि मजुरी नगावर मिळते. दिसत नाही म्हणून नग कमी होतात, माल परत येतो आणि मुकादम म्हणतो, "मावशी आता म्हातारी झाली." मावशीचे वय त्रेचाळीस असते.

उजेडाचेही तसेच आहे. बहुतेक घरांत एकच बल्ब असतो, दाराच्या वर किंवा मधोमध. त्याच्याकडे पाठ करून बसले की स्वतःच्या डोक्याची सावली कामावर पडते. त्याच्याकडे तोंड करून बसले की उजेड डोळ्यांत शिरतो आणि हातातले काम अंधारात राहते. बल्ब हलवता येत नसेल तर आपण हलायचे. उजव्या हाताने काम करणाऱ्याने अशा रीतीने बसावे की उजेड डाव्या खांद्यावरून, थोडा मागून कामावर पडेल. डावखुऱ्यांनी याच्या उलट. वायरचा होल्डर खिळ्याला लटकवून बल्ब खाली आणता येतो. मात्र वायर उघडी नको आणि पत्र्याला टेकलेली तर मुळीच नको. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचे काम असेल तर मांडीवर पांढरा कागद किंवा कापड पसरा, लगेच फरक जाणवतो. बारीक काम दिवसा दारात बसून करा आणि मोजणे, पाकिटे भरणे, गाठोडी बांधणे असली कामे रात्रीसाठी ठेवा. मुकादम माल संध्याकाळी देतो आणि सकाळी मागतो, हे आम्हाला माहीत आहे. चार घरांनी मिळून सांगितले तर तो सकाळी देऊन दुसऱ्या सकाळी न्यायला तयार होतो, असे आम्ही दोन गल्ल्यांत पाहिले आहे. एकटीचे तो ऐकत नाही.

दुसरे कारण कोरडेपणाचे. डोळ्यावर पाण्याचा एक पातळ थर असतो आणि त्यावर तेलाची साय. पापणी लवली की हा थर पुन्हा सारवला जातो. माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो. मोबाईल किंवा बारीक काम पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. सारवण वेळेवर झाले नाही की थर फाटतो, वाळू गेल्यासारखे खुपते, डोळे लाल होतात. गंमत अशी की कोरड्या डोळ्यांतूनच घळाघळा पाणी येते. चुरचुरले की डोळा घाबरून भरमसाट पाणी सोडतो, पण त्या पाण्यात ती तेलाची साय नसते, म्हणून ते टिकत नाही, गालावर ओघळते. "माझ्या डोळ्यांना तर पाणी येतं, कोरडे कसे?" असे आजी विचारतात, त्याचे उत्तर हे. पाळी गेलेल्या बायकांत हा त्रास जास्त दिसतो.

उन्हाळ्यात पत्र्याखाली टेबल फॅन सरळ तोंडावर लावून झोपतो, काम करतो. त्यानेही डोळे सुकतात. फॅन पायाकडून किंवा पाठीकडून लावा. चुलीचा, शेगडीचा, कचरा जाळल्याचा धूर हे मोठे कारण आहे. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात राहणाऱ्या बायकांत मोतीबिंदूचे प्रमाण जास्त असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. गॅस आहे पण सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा चूल पेटली, अशी घरे आहेत. त्यांना आम्ही निदान चूल दाराबाहेर मांडायला सांगतो. आणि एक विनंती, रागावू नये : विहाराची खोली लहान असेल तर वंदनेच्या वेळी अगरबत्तीचा अख्खा पुडा लावू नका. एक पुरते.

कोरडेपणावर आधी जाणीवपूर्वक पापण्या मिटायच्या, पुरत्या. अर्धवट लववणे कामाचे नाही. स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर पाच मिनिटे ठेवला तर बरे वाटते. डोळे चोळू नयेत, बोटांनी दाबू नयेत. तेवढ्याने भागले नाही तर अश्रूंसारखे ड्रॉप मिळतात. बाटलीवर कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज असे नाव असते. हे निर्धोक आहेत, पण बाटली उघडल्यावर साधारण महिन्याभरात टाकून द्यावी आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

ड्रॉपबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे. डोळे लाल झाले, खाजले की आपण मेडिकलवाल्याला "डोळ्याचं औषध द्या" म्हणतो. तो देतो आणि दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र होतात. अशा अनेक बाटल्यांत स्टिरॉईड असते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांची नावे. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडे दिवस वापरायची औषधे आहेत. आपल्या मनाने महिनोन्‌महिने वापरली तर डोळ्याच्या आतला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदू अकाली येतो. बुबुळावर जखम झाली असेल आणि त्यात बुरशी असेल, तर स्टिरॉईडने ती भडकते. आम्ही वॉर्डात नोकरीला होतो तेव्हा एक मुलगा आला होता, एकोणीस वर्षांचा. लहानपणापासून दर उन्हाळ्यात डोळे खाजायचे. कोणी तरी एकदा दिलेली बाटली त्याची आई चार वर्षे तीच आणत राहिली, कारण तिने आराम पडत होता. आला तेव्हा एका डोळ्याने फक्त उजेड कळत होता. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. त्या माऊलीने चार वर्षे पोटाला चिमटा घेऊन ती बाटली आणली होती. तिला सांगणारे कोणी नव्हते, ना देणाऱ्याने सांगितले ना आधी पाहणाऱ्याने. म्हणून घरात डोळ्याची कोणतीही बाटली असेल तर आज तिच्यावरचे नाव वाचा. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. वरच्या तीन नावांपैकी एखादे असेल आणि ती बरेच दिवस चालू असेल, तर बाटलीसकट दवाखान्यात जा.

बाकी डोळ्यात काय काय घालतात ते ऐकले तर अंगावर काटा येतो. मध, लिंबू, कांद्याचा रस, गुलाबपाणी, आईचे दूध, एरंडेल. यातले काहीही घालू नका. काजळाने मुलाचे डोळे मोठे होत नाहीत, उलट बोटाची घाण आत जाते. बाजारातल्या सुरम्यात शिसे असू शकते. गाजर, शेवग्याची पाने, चवळई, लाल भोपळा, पपई, अंडे, कलेजी हे सगळे मुलांना जरूर द्या. जीवनसत्त्व अ कमी पडले तर रातांधळेपण येते. म्हणूनच नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीत किंवा केंद्रात त्याचे एकूण नऊ डोस देतात. ते चुकवू नका. पण गाजर खाऊन चष्म्याचा नंबर जात नाही.

आता मुलांचे. पहिलीतून दुसरीत जाताना एका मुलीबद्दल शाळेने कळवले की ती मंद आहे, फळ्यावरचे उतरवत नाही. घरी मार बसला. आम्ही तिला गल्लीच्या तोंडाशी उभे करून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. तिला तिथे पाटी आहे हेच दिसत नव्हते. मुले "मला दिसत नाही" म्हणत नाहीत, कारण दिसणे म्हणजे काय हे त्यांना तेवढेच माहीत असते. ती डोळे बारीक करतात, मान तिरकी करतात, टीव्हीला नाक लावतात, फळ्याऐवजी शेजारच्याच्या वहीतून उतरवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणीला येते. त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये. नंबर निघाला तर अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळण्याची सोय आहे. शाळेतून चिठ्ठी मागून घ्या आणि पाठपुरावा करा. पाठपुरावा केल्याशिवाय चष्मा घरी येत नाही, हा आमचा अनुभव.

मुले रोज दीड-दोन तास उघड्यावर दिवसाच्या उजेडात खेळली तर लांबचा नंबर लागण्याचा संभव कमी होतो. हे आता अनेक अभ्यासांतून दिसले आहे. आपल्या मुलांना मैदान नाही. विहारापुढची मोकळी जागा गाड्या लावायला देण्याआधी समितीने याचा विचार करावा.

मुलीला चष्मा लागला की आई म्हणते, "लग्न जमायचं नाही." मुलगी कार्यक्रमाला जाताना, फोटो काढताना चष्मा काढून ठेवते आणि पायऱ्यांवर ठेचकाळते. आमच्या प्रत्येक वस्तीत बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि त्यांच्या डोळ्यांवर चष्मा आहे. जयंतीला आपण तो चष्मासुद्धा पुसून स्वच्छ करतो. मग मुलीच्या चष्म्याची लाज कशाला?

जयंतीला अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. फार चांगला उपक्रम आहे आणि स्पर्धा परीक्षांची मुले एरवीही अभ्यासिकेत दहा-बारा तास बसतात. आयोजकांना आमचे सांगणे इतकेच : दर तासाला पाच मिनिटे सगळ्यांना उठवून बाहेर न्या, पाणी द्या, लांब पाहू द्या. प्रत्येक टेबलावर उजेड पडतो का, ते संध्याकाळी स्वतः बसून पाहा. मोबाईलवर वाचणाऱ्यांनी अक्षर मोठे करून घ्यावे, मोबाईल कोपरभर लांब धरावा, खोलीचा दिवा बंद करून पाहू नये. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेसाठी दुकानदार जास्तीचे चारशे-पाचशे मागतो. त्या काचेने थकवा कमी होतो असे तपासाअंती दिसलेले नाही. ते पैसे पुस्तकाला लावा.

साखरेचा आजार असलेल्यांनी डोळ्यांकडे दुर्लक्ष करू नये. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि शेवटच्या वर्षांत त्यांची नजर फार मंदावली होती. त्याही अवस्थेत १९५६ साली त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पूर्ण केला. साखर डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते आणि सुरुवातीला ना दुखते, ना दिसायला फरक पडतो. फरक पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून साखर असलेल्या प्रत्येकाने, चांगले दिसत असले तरी, वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. घरात कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर बाकीच्यांनीही दाब तपासून घ्यावा. आणि मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहायची नाही, ते जुने झाले. कामात अडचण येऊ लागली की ऑपरेशन करता येते.

काही गोष्टींत मात्र थकवा म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाएकी दिसेनासे होणे, डोळ्यांपुढे पडदा सरकल्यासारखे किंवा विजा चमकल्यासारखे होणे. डोळा लाल होऊन जोरात दुखणे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे, सोबत उलट्या. डोळ्याला मार लागणे, कण रुतणे. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरे चमकणे. चुना, ॲसिड, फिनेल असे काही उडाले तर आधी तिथेच, नळाखाली किंवा तांब्याने, पंधरा-वीस मिनिटे डोळा उघडा धरून धुवा आणि मगच निघा. वेल्डिंगचा उजेड लागला की रात्री डोळ्यांत तिखट गेल्यासारखे होते. त्यावर बटाटा ठेवून वाट पाहण्यापेक्षा दवाखान्यात दाखवलेले बरे.

कुठे जायचे? ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय येथे डोळे तपासले जातात. मोठ्या शहरांत सरकारी मेडिकल कॉलेजांचे नेत्र विभाग आहेत : मुंबईत जे.जे., पुण्यात ससून, छत्रपती संभाजीनगरात घाटी, नागपुरात मेयो आणि मेडिकल. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग मोठी असते. जाताना जुना चष्मा, चालू ड्रॉपची बाटली आणि साखर-बीपीची फाईल न्या. "नंबर द्या" एवढेच न म्हणता आपण रोज कोणते काम किती अंतरावरून करतो तेही सांगा. शिलाईचे अंतर वेगळे, पुस्तकाचे वेगळे, आणि नंबर त्यावर ठरतो. पडदा तपासायचा असेल तर बाहुली मोठी करायचे औषध घालतात. त्यानंतर चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. त्या दिवशी गाडी चालवू नये, मशीनवर बसू नये. म्हणजे एक रोज बुडणार, ते आधीच धरून चला आणि सोबत कोणाला तरी न्या.